माती धुण्याचे शास्त्र



निपाणीहून तवंदी घाट चढून, संकेश्वरावरून बेळगावला आणि तिथून पुढे खानापूर-जांबोटीकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. कुणाची शेती एका टोकाला, तर कुणाचे आजोळ दुसऱ्या टोकाला. खिडकीतून बाहेर पाहत गेले तर या रस्त्यावर जमिनीचा रंग बदलत जातो. निपाणीकडची तंबाखूची काळी भुई मागे पडते आणि खानापूर येईपर्यंत शेताचे बांध, रस्त्याच्या कडा, जुन्या घरांच्या भिंती सगळे तांबडे झालेले असते. खुद्द बेळगावातही या दोन्ही माती भेटतात. शहापूर-वडगावच्या शिवारात भाताची काळी जमीन आहे आणि हिंडलग्याच्या बाजूला तांबडी.

आपले वाडवडील या मातींना स्वभावावरून ओळखत. काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते; तिच्यावर घर बांधायचे तर पाया जपून घ्यावा. तांबडीत पाणी फार काळ ठरत नाही, पण तिची कौले, विटा आणि मडकी चांगली होतात. हे ज्ञान अनुभवाचे आहे आणि खरे आहे. मात्र एक माती फुगते आणि दुसरी का फुगत नाही, याचे उत्तर तिच्या रंगात सापडत नाही. ते मातीतल्या अतिशय बारीक कणांत आहे. ते कण नीट पाहायचे तर आधी माती धुवावी लागते, आणि तीही साध्या पाण्याने नव्हे, रसायनांनी. आजचे व्याख्यान या धुण्याविषयी आहे. माती का धुतात, कशी धुतात, आणि धुताना हात जड पडला तर काय हरवते, एवढेच मला सांगायचे आहे.

भिजणारी वही आणि न भिजणारी वही

मातीत वाळू असते, पोयटा असतो आणि चिकण असते. यातले चिकण म्हणजे दोन मायक्रॉनपेक्षा लहान कण. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण साठ-सत्तर मायक्रॉन धरली, तर हा कण तिच्या तिसाव्या भागाहून लहान. हे कण इतके बारीक असल्यामुळे एके काळी शास्त्रज्ञांना वाटे, की त्यांना ठरावीक आकारच नसावा. तो नुसता खळीसारखा लगदा असावा. १९३० साली अमेरिकेत हेन्ड्रिक्स आणि फ्राय यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले, की हा लगदा नव्हे; हे कण स्फटिकांचे आहेत. त्यांत अणूंचे थर आहेत, आणि ते वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले आहेत.

आपल्या भागात या वह्यांचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला केओलिनाइट. हे नाव चीनमधल्या गाओलिंग या गावावरून आले. याची पाने एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरू शकत नाही. एका पानाची जाडी सुमारे ७.१५ अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. दुसरा प्रकार स्मेक्टाइट. त्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या प्रसिद्ध खनिजाचे नाव फ्रान्समधल्या मॉन्तमोरियाँ या गावावरून पडले. याची पाने सैल असतात. त्यांच्यामध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे विद्युतभारित कण बसलेले असतात आणि ते पाण्याला आत ओढून घेतात. पावसात भिजलेली वही जशी फुगते, तसे हे खनिज फुगते. वाळले की आकसते. काळ्या भुईच्या भेगा म्हणजे या आकसण्याची खूण.

दोहोंतला फरक आकड्यांत सांगायचा तर असा. एक ग्रॅम स्मेक्टाइटचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग मोजला, तर तो सातशे ते आठशे चौरस मीटर भरतो. म्हणजे कबड्डीची पाच-सहा मैदाने एका चिमटीत. केओलिनाइटच्या ग्रॅमभरात जेमतेम दहा-वीस चौरस मीटर. शेतात घातलेले पोटॅश किंवा अमोनिया धरून ठेवण्याची शक्ती याच पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून कोणत्या मातीत कोणते खनिज आहे, हा प्रश्न घर बांधणाऱ्याचा जेवढा आहे तेवढाच शेतकऱ्याचाही आहे.

मग धुवायचे कशाला?

या खनिजांची ओळख क्ष-किरणांनी पटते. मातीचे बारीक कण काचेच्या पट्टीवर पातळ पसरतात. ते पत्त्यांसारखे आडवे बसले, की त्यांच्यावर किरण टाकून पानांमधले अंतर मोजता येते. ७ अँगस्ट्रॉमच्या आसपास टोक आले तर केओलिनाइट असावे, १४ च्या आसपास आले तर स्मेक्टाइट असण्याचा संभव. हे सगळे सरळ वाटते. अडचण अशी, की शेतातून आणलेल्या मातीत हे कण मोकळे नसतातच. चुना त्यांना एकमेकांना चिकटवतो. कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश त्यांच्यावर बसलेले असतात. लोखंडाचा तांबडा गंज त्यांच्यावर रंगाच्या हातासारखा चढलेला असतो.

हा गंज किती घट्ट धरतो, हे जांभ्याच्या चिऱ्याकडे पाहिले की कळते. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या वैद्याने १८०० साली दक्षिणेत फिरताना हा दगड मलबारात पाहिला. मऊ असताना तो कापून काढतात आणि हवेत राहिला की टणक होतो. विटेसारखा वापरतात म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याने त्याला लॅटेराइट म्हटले. १८०७ साली त्याचे प्रवासवर्णन छापले गेले. त्या चिऱ्याला टणकपणा येतो तो मुख्यतः लोखंडाच्या संयुगांमुळे. जे चिऱ्यात डोळ्यांना दिसते, तेच तांबड्या मातीच्या कणाकणांत लहान प्रमाणात चाललेले असते. असे चिकटलेले गोळे काचेवर आडवे बसत नाहीत. त्यात तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले, तर लोखंड स्वतःच उजळते आणि आलेखावर धुके पसरते. त्या धुक्यात बारीक टोके बुडून जातात.

म्हणून आधी चुना, मग सेंद्रिय अंश, मग लोखंड, या क्रमाने माती धुतात. ही रीत मृदाशास्त्रात रूढ केली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक एम. एल. जॅक्सन यांनी. जगभरच्या प्रयोगशाळा आजही थोड्याफार फरकाने तीच वापरतात.

तीन धुण्या

पहिली धुणी चुन्याची. निपाणीकडच्या काळ्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे सापडतात, ते आपण पाहिले असतील. चुना आम्लात विरघळतो हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण इथे जोरदार आम्ल चालत नाही. ज्याच्यामुळे शिरक्याला आंबटपणा येतो, ते असेटिक आम्ल सोडियमच्या क्षाराबरोबर मिसळून द्रावणाचा सामू ५ वर स्थिर ठेवतात. माती त्यात घालून गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवतात. फेस येतो, चुना हळूहळू निघून जातो आणि खनिजाला धक्का लागत नाही.

दुसरी धुणी सेंद्रिय अंशाची. यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर घातले की फसफसणारे ते हेच, पण औषधाच्या दुकानात मिळते त्याच्या दहापट तीव्र, म्हणजे सुमारे ३० टक्के. ते थोडे थोडे घालावे लागते. मातीत मँगेनीज असेल तर फेस इतका उसळतो, की भांड्याबाहेर येतो. हे चुन्याच्या आधी का करत नाहीत, असा प्रश्न पडेल. सेंद्रिय अंश फुटताना ऑक्झॅलिक आम्ल तयार होते. चुना शिल्लक असेल तर त्याचे कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन नवेच स्फटिक मातीत बसतात आणि आलेखावर परकी टोके उभी राहतात. धुण्याच्या नादात आपणच नवा डाग पाडला, असे होते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

इथे एक गैरसमजही दूर होतो. काळी माती काळी असते ती खत-पाल्याने गच्च भरलेली असते म्हणून, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. तो थोडासा अंश स्मेक्टाइटला इतका घट्ट बिलगून असतो, की सगळी माती काळी दिसते. पेरॉक्साइडलाही तो सहजासहजी दाद देत नाही.

तिसरी धुणी लोखंडाची, आणि तीच सर्वांत अवघड. पांढऱ्या धोतरावर लोखंडाचा डाग पडला की घरातल्या बायका त्यावर लिंबू चोळत. लिंबातले सायट्रिक आम्ल लोखंडाला धरून पाण्यात घेऊन जाते. प्रयोगशाळेतही त्याच आम्लाचा क्षार, सायट्रेट, वापरतात. पण मातीतला गंज डागापेक्षा चिवट असतो. तो नुसत्या सायट्रेटला सुटत नाही. आधी त्याचे रूप बदलावे लागते, आणि त्यासाठी सोडियम डायथायोनाइट घालतात. हे नाव अवघड वाटेल, पण वस्तू आपल्याला परकी नाही. गुऱ्हाळावर गुळाला पिवळा रंग यावा म्हणून जी हायड्रोस पावडर टाकतात, ती हीच. सूत रंगवणारेही तिला हायड्रोस म्हणूनच ओळखतात. ती न विरघळणाऱ्या लोखंडाला विरघळणारे करते, आणि सायट्रेट त्याला पुन्हा बसू देत नाही. द्रावण आंबट होऊ नये म्हणून खायच्या सोड्याची, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटची, जोड देतात.

ओ. पी. मेहरा आणि जॅक्सन यांनी १९६० साली ही कृती प्रसिद्ध केली. द्रावणाचा सामू ७.३ च्या आसपास, तापमान ७५ ते ८० अंश आणि वेळ पंधरा मिनिटे. ८० च्या वर गेले तर गंधक सुटून मातीत मिसळते. प्रयोगशाळेत पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी थबकतो. पंधरा मिनिटांत खानापूरकडची तांबडीलाल माती राखाडी होते. तिचा रंग हा तिच्यावरचा पातळ थर होता, हे डोळ्यांसमोर सिद्ध होते. आणि जे पाणी निथळून घेतले, ते फेकत नाहीत. त्यातले लोखंड मोजतात, कारण मातीवर किती गंज होता याची नोंद त्या पाण्यातच असते.

यानंतर माती पाण्यात मोकळी करतात. गढूळ पाणी निवळावे म्हणून आपण तुरटी फिरवतो. तुरटीतले ॲल्युमिनियम कणांना एकत्र आणते. इथे नेमके उलटे करायचे असते. सोडियमने कण एकमेकांपासून दूर राहतात. मग ते उंच नळकांड्यात ठेवून वाट पाहतात. जड कण आधी बसतात, बारीक मागे राहतात. हा हिशेब स्टोक्सने १८५१ साली मांडलेल्या नियमाने होतो. पाणी २० अंश असेल तर दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला पावणेआठ तास घेतो. पाणी ३० अंश असेल तर सहा तासांहून थोडा अधिक. त्यामुळे बेळगावच्या हिवाळ्यात हे काम उन्हाळ्यापेक्षा सावकाश चालते.

शेवटी ओळख पटवण्याची परीक्षा. मॅग्नेशियम दिलेल्या कणांना एथिलीन ग्लायकॉलची वाफ देतात. स्मेक्टाइटची पाने १४ वरून १७ अँगस्ट्रॉमपर्यंत सरकतात. इतर खनिजे जागची हलत नाहीत. दुसऱ्या वाट्याला पोटॅशियम देऊन ५५० अंशांपर्यंत तापवतात. तेव्हा स्मेक्टाइट १० वर मिटते आणि केओलिनाइटचे टोक नाहीसे होते. अशा दोन-तीन साक्षी जुळल्या, की मग नाव लिहितात.

माझी एक चूक

हे सगळे आज शांतपणे सांगतो आहे, पण उमेदवारीच्या काळात मी ते मोडून पाहिले आहे. माझे मामा निपाणीच्या बाहेर घर बांधणार होते. त्यांच्या जागेतली माती मी कौतुकाने आणली आणि तपासायला घेतली. चुनखडी पुष्कळ होती. असेटिक आम्लाच्या द्रावणाने दोन-तीन दिवस गेले असते. मी घाई केली, जोरदार हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, तापवले आणि अर्ध्या दिवसात चुना संपवला. आलेख काढला तर १४ चे टोक अगदी खुजे. मी कागदावर लिहिले, की स्मेक्टाइट थोडे, माती फारशी फुगणारी नाही.

आमच्या सरांनी कागद पाहिला आणि मातीचे ढेकूळ मागितले. मी म्हटले, सर, सगळी माती धुऊन झाली. ते म्हणाले, "म्हणजे साक्षीदाराला तू घरी पाठवून दिलेस." मी पुन्हा निपाणीला गेलो आणि माती आणली. या वेळी त्यांनी क्ष-किरण बाजूला ठेवायला लावले. न धुतलेली माती वाळवून, बारीक चाळून, दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे केले. एक पाण्याच्या नळकांड्यात टाकला, दुसरा रॉकेलच्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर रॉकेलमधली माती होती तेवढीच, आणि पाण्यातली तिच्या जवळजवळ दुप्पट वर चढलेली. स्मेक्टाइटला पाणी हवे असते, रॉकेलची त्याला ओढ नसते. इमारतीच्या पायासाठी माती तपासणारे अभियंते हीच परीक्षा घेतात, आणि ती घरीही करून पाहता येते.

झाले होते ते असे. आम्लाने चुन्याबरोबर स्मेक्टाइटही खाल्ले होते. बेसॉल्टपासून झालेल्या मातीतल्या स्मेक्टाइटच्या पानांत लोखंड आणि मॅग्नेशियम असते, आणि गरम आम्ल ते बाहेर ओढून पाने मोडते. मी डाग काढता काढता कापड फाडले होते. मामांनी त्या कागदावर विसंबून नेहमीसारखा उथळ पाया घेतला असता, तर चार पावसाळ्यांत भिंती बोलल्या असत्या. काळ्या जमिनीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खाली फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला आहे. तो मातीच्या फुगणाऱ्या थराखाली जाऊन पकड घेतो. मामांनी तसाच पाया घेतला. मी आजही त्यांच्या घरी गेलो की आधी भिंतींकडे पाहतो.

तांबडीच्या पोटात काय?

चूक उलट बाजूनेही होऊ शकते. तांबडी माती म्हणजे केओलिनाइट, असे आपण पटकन ठरवून टाकतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतले तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी पश्चिम घाटात बेसॉल्टवर शेजारी शेजारी असलेल्या तांबड्या आणि काळ्या मातींचा अभ्यास करून तो १९९३ साली प्रसिद्ध केला. भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांना असे आढळले, की दोन्ही मातींची सुरुवात स्मेक्टाइटपासूनच होते. उंचावर, भरपूर पावसात, ते सावकाश केओलिनाइटकडे वळते. सखल जागी साठलेल्या काळ्या मातीत ते टिकून राहते. आणि उंचावरच्या तांबड्या मातीतही ते एकदम संपत नाही. एकाच कणात काही पाने स्मेक्टाइटची आणि काही केओलिनाइटची, अशी मिश्र वही सापडते. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत झिओलाइट असतात. ते झिजताना कॅल्शियम देत राहतात आणि हा बदल लांबवतात.

ही मिश्र वही वाचायची तर आलेखावरची टोके बारकाईने पाहावी लागतात, आणि लोखंडाचे धुके असेल तर ते शक्य होत नाही. म्हणून धुण्याला पर्याय नाही. तरीही सौम्य म्हणवणारी हायड्रोसची धुणीसुद्धा पूर्णपणे निर्दोष नाही. ती स्मेक्टाइटच्या पानांतल्या लोखंडाचेही थोडेफार रूप बदलते. म्हणून जाणता अभ्यासक मातीचा एक वाटा न धुता ठेवतो, आणि धुतलेल्याचा निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहतो.

आणखी एक गोष्ट. आपण जे धुऊन काढतो, तो खनिजशास्त्राच्या दृष्टीने अडथळा असला तरी शेताच्या दृष्टीने कचरा नव्हे. तांबड्या जमिनीतला गंज स्फुरद धरून ठेवतो, म्हणून तिथे घातलेल्या सुपरफॉस्फेटचा पुष्कळ भाग पिकाला लगेच मिळत नाही. काळीतला चुनाही आपल्या परीने तेच करतो. सेंद्रिय अंश ढेकळाला भुसभुशीत ठेवतो. पीक वाढते ते या सगळ्यासह असलेल्या मातीत. धुतलेल्या मातीत कुणी पेरणी करत नाही. धुतलेली माती एका प्रश्नाचे उत्तर देते, न धुतलेली दुसऱ्या. आणि खते किती, पाया किती, हे ठरवताना दोन्ही उत्तरे लागतात.

श्रोतेहो, आपल्यापैकी कुणी जागा घेत असेल, घर बांधत असेल किंवा माती तपासायला पाठवत असेल, तर माझी एक विनंती आहे. माती नुसत्या वरच्या थरातून नव्हे, पाया जिथवर जाणार किंवा मुळे जिथवर पोचणार तिथून घ्या. पिशवीवर शिवाराचे नाव, खोली आणि तारीख लिहा. आणि तपासणीला देण्याआधी त्यातली दोन ओंजळी माती वाळवून, डब्यात घालून घरी ठेवा. अहवाल चुकला असे कधी वाटले, तर विचारायला साक्षीदार घरात असेल. माझ्या मामांच्या जागेतली ती दुसरी माती मी अजून जपून ठेवली आहे. डब्यावरची शाई पुसट झाली आहे, पण माती तशीच काळी आहे.